भाग ४७ : काकूंनी माझा एपिसोड पूर्ण ऐकला होता

ज्यांना कानात ऐकायचं आहे त्यांनी वरचं बटण दाबा. ज्यांची लोकल तुर्भ्याला पोचली की नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे बघा' काढून टाकलेत, बाकी जवळपास जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय 'विशेष विषयावर लिहायचं कसं' हा आहे. आरोग्य, शेती, पैसा, तंत्रज्ञान, जे काही तुम्हाला इतरांपेक्षा जरा जास्त कळतं, ते वेगवेगळ्या लोकांपर्यंत आणि वेगवेगळ्या माध्यमांतून पोचवायचं कसं. पत्रकारितेच्या कोर्समध्ये हे शिकवतात. मी बीटेक आहे, मला कोणी शिकवलं नाही. मला ते आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या काकूंनी शिकवलं, आणि त्याची फी त्यांनीच भरली. १४ हजार ४०० रुपये.

काय झालं ते आधी

आम्ही कोपरखैरणेला राहतो. खाली एक काकू पोळी-भाजी केंद्र चालवतात. मूळच्या साताऱ्याकडच्या. सकाळी साडेसहाला त्यांच्या कुकरची पहिली शिट्टी झाली की माझा अलार्म बंद करायची गरज नसते, मी उठलेलोच असतो. काउंटरवर क्यूआर कोडचा स्टँड आहे, बाजूला पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारा स्पीकर. फोन वापरायला त्या अजिबात घाबरत नाहीत.

एके दुपारी त्यांना फोन आला. 'कॅम्पमधून बोलतोय, जवानांसाठी रोज ४० डबे पाहिजेत, ३ दिवस.' डबा १२० रुपयांचा. हिशोब सोपा, १४ हजार ४००. 'सगळे पैसे ॲडव्हान्स देतो,' तो म्हणाला. 'आधी ५ रुपये पाठवून बघतो.' ५ रुपये खरंच आले, स्पीकर बोलला. मग त्याने काकूंच्या मुलीच्या व्हॉट्सॲपवर एक क्यूआरचा फोटो पाठवला. 'हा तुमच्या फोनने स्कॅन करा, रक्कम दिसेल, पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील.' काकूंनी स्कॅन केलं. रक्कम दिसली, १४ हजार ४००. पिन टाकला.

स्पीकर बोलला नाही.

संध्याकाळी मी ऑफिसमधून आलो तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या. त्याच्या दोन आठवडे आधी मी याच पॉडकास्टवर यूपीआय फसवणुकीवर ३८ मिनिटांचा एपिसोड केला होता. मी जरा शहाणपणाच्या सुरात म्हणालो, 'काकू, मी एपिसोड केला होता ना यावर?'

त्या म्हणाल्या, 'आरं, पूर्ण ऐकला होता मी. पोळ्या लाटता लाटता. लई हुशार बोलतोस. पण मी काय करायचं, ते त्यात कुठं होतं?'

त्या रात्री मी स्वतःचा एपिसोड परत ऐकला. वही घेऊन बसलो आणि मिनिटं लिहिली.

पहिली ६ मिनिटं : यूपीआय २०१६ मध्ये कसं आलं, एनपीसीआय म्हणजे काय. पुढची ९ मिनिटं : यूपीआय आयडी, तुमची बँक, समोरच्याची बँक, मधला स्विच. मग ९ मिनिटं एन्क्रिप्शन. त्यानंतर फसवणुकीचे प्रकार. आणि ३१व्या मिनिटाला, एका लांब वाक्याच्या शेपटीला : 'आणि अर्थात, पैसे स्वीकारण्यासाठी पिनची आवश्यकता नसते, हे आपल्याला माहीतच आहे.'

'अर्थात.' 'आपल्याला माहीतच आहे.' ज्या एका वाक्यासाठी तो एपिसोड असायला हवा होता, ते मी माहीत असल्यासारखं उरकून टाकलं होतं. कारण मी ज्यांच्यासाठी बोलत होतो त्यांना ते खरंच माहीत होतं. मी ऐरोलीच्या ऑफिसमधल्या माझ्या टीमसाठी बोलत होतो. खाली 'भावा, एकदम डीप!' अशा कॉमेंट आल्या की माझं पोट भरत होतं.

एपिसोडमध्ये तांत्रिक चूक एकही नव्हती. तरी तो फसला. हे का होतं, यावर गेले काही महिने मी वाचत होतो, विचारत होतो. जे हाती लागलं ते आज सांगतो.

मराठी वर्तमानपत्राची सुरुवातच दोन वाचकांपासून झाली

६ जानेवारी १८३२. बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. हाच दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. शाळेत आपण एवढंच पाठ केलं. पण 'दर्पण'च्या पानाची रचना कशी होती हे कोणी सांगितलं नव्हतं. पानावर उभे दोन स्तंभ असायचे. एक इंग्रजी, एक मराठी.

का? कारण वाचक दोन होते. एक, इथले लोक, ज्यांच्यापर्यंत नवं ज्ञान आणि जगातल्या घडामोडी पोचवायच्या होत्या. दुसरे, राज्य करणारे इंग्रज, ज्यांना इथल्या लोकांचं म्हणणं कळायला हवं होतं. जांभेकर तेव्हा साधारण विशीचे होते. माझ्यापेक्षा लहान! पुढे १८४० मध्ये त्यांनीच 'दिग्दर्शन' हे मासिक काढलं, त्यात भूगोल, इतिहास, विज्ञान असे शिकण्याचे विषय होते. बातम्यांचं पत्र वेगळं, अभ्यासाचं मासिक वेगळं. एकच माणूस, पण वाचणारा कोण आणि तो कशासाठी वाचतोय हे ठरवून साचा बदलणारा.

मला यातून पहिली गोष्ट कळली. 'सर्वसामान्य वाचक' नावाचा माणूस कुठेही राहत नाही. कोपरखैरणेत तरी नाही. इथे काकू आहेत, माझा टीम लीड आहे, एपीएमसीत माथाडी म्हणून आयुष्य काढलेले शेजारचे आजोबा आहेत. लिहायच्या आधी यांच्यातला एक निवडावा लागतो. दोन हवे असतील तर दोन स्तंभ करावे लागतात. दोघांना एकाच स्तंभात कोंबलं की दोघंही उठून जातात.

फवारणीचा पंप आणि हेक्टर

दुसरा धडा शेतीच्या लिखाणातून. मराठीत विशेष विषयाची पत्रकारिता कुठे खऱ्या अर्थाने रुजली असेल तर ती शेतीत. दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं', आकाशवाणीचे शेतीविषयक कार्यक्रम, कृषी विभागाचं 'शेतकरी' मासिक, आणि २००५ पासून तर 'ॲग्रोवन' हे शेतीला वाहिलेलं अख्खं दैनिक.

गावी गेलो की मामाकडे अंक पडलेले असतात. या वेळी मी ते सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने वाचले. संशोधनाच्या भाषेत औषधाचं प्रमाण 'प्रति हेक्टर इतके ग्रॅम क्रियाशील घटक' असं असतं. शेतकऱ्यासाठीच्या सल्ल्यात तेच 'प्रति १० लिटर पाण्यात इतके मिली' होतं. हा फरक शैलीचा नाही. शेतकऱ्याच्या हातात पंप असतो, हेक्टर नसतो. तो बांधावर उभा राहून बाटलीचं टोपण उघडणार असतो. त्या क्षणी त्याला जे माप लागतं, ते माप लिहिणाऱ्याने आधीच काढून द्यायचं. गणित लिहिणाऱ्याने करायचं, वाचणाऱ्यावर सोडायचं नाही.

आणि हे किती गंभीर आहे बघा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. कारणं बरीच होती. संरक्षणाची साधनं नाहीत, औषधांची मिश्रणं, वाढलेल्या कपाशीत डोक्याच्या उंचीवर होणारी फवारणी. सगळा दोष लिखाणावर टाकता येणार नाही. पण एक गोष्ट मनात राहते. धोक्याची माहिती बाटलीच्या लेबलवर, बारीक अक्षरात असते. फवारणारा बऱ्याचदा मजूर असतो, बाटली विकत घेणारा दुसराच. माहिती अस्तित्वात असणं आणि माहिती त्या माणसापर्यंत, त्या वेळी, त्याला वापरता येईल अशी पोचणं, यात फार मोठी दरी आहे. माझ्या एपिसोडचं ३१वं मिनिट म्हणजे असंच बारीक अक्षर होतं.

नारळीकरांची तीन दारं

तिसरं उदाहरण डॉ. जयंत नारळीकरांचं. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा बऱ्याच जणांनी शाळेतल्या आठवणी लिहिल्या. मी वेगळ्या कारणाने त्यांच्याकडे वळलो. एकच माणूस संशोधन निबंध लिहितो, मासिकात लेख लिहितो, विज्ञानकथा लिहितो, दूरदर्शनवर बोलतो, आणि पोरांना पोस्टकार्डही पाठवतो. तेही कुठेच विषय पातळ न करता. कसं?

पहिलं दार, गोष्ट. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक अर्थातच नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. जगात नाव झालेल्या शास्त्रज्ञाला असं लपून का लिहावंसं वाटलं? मला वाटतं, नावाच्या वजनावर नाही तर कथा म्हणून ती उभी राहते का, हे त्यांना बघायचं होतं. आमच्या भाषेत, त्यांनी स्वतःच्या लिखाणाची टेस्टिंग केली. निनावी.

दुसरं दार, पोस्टकार्ड. मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, सही नाही, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून पाठवतो. आता पोस्टकार्डावर जागा किती? तळहाताएवढी. त्यात प्रश्नाचं उत्तर बसवायचं म्हणजे प्रस्तावनेला जागाच नाही. आणि ते कार्ड पोस्टमन, आई, शेजारी, कोणीही वाचणार. म्हणजे ते एकटं उभं राहिलं पाहिजे. ओळखीचं वाटतंय ना? हा व्हॉट्सॲप मेसेजच आहे, फक्त तिकीट लावलेला.

तिसरं दार, संशोधन. २००८ मध्ये त्यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली. २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. १०० हुशार विद्यार्थी, १०० मतिमंद मुलं. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि विचारलं, यातली हुशार मुलं कोणती, दुसरी कोणती ते सांगा. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के निघालं. हे सगळं २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं.

आता हीच माहिती तीन जणांना सांगून बघा.

संख्याशास्त्रवाल्याला तुम्ही सांगाल : नमुना कसा निवडला, पत्रिका कशा मिसळल्या, किती बरोबर आले तर निकाल योगायोगाच्या पलीकडचा मानायचा हे आधीच ठरवलं होतं का. तो यातच रमेल.

पेपर वाचणाऱ्याला सांगाल : ४० पत्रिका डोळे मिटून, नाणं उडवून वेगळ्या केल्या असत्या तरी साधारण २० बरोबर आल्या असत्या. ज्योतिषांच्या सरासरी १८ च्या आसपास आल्या.

आणि मुलाची पत्रिका घेऊन चिंतेत बसलेल्या आईला? तिला टक्के नकोत. तिला सांगाल : पत्रिका बघून मूल हुशार निघेल की नाही हे जाणकारांनाही ओळखता आलं नाही. तुमच्या मुलाबद्दल पत्रिकेने काही ठरवू नका.

तिन्हीत खोटं काहीच नाही. पुरावा तोच, निष्कर्ष तोच. बदललं काय? कुठून आत शिरायचं ते, आणि कशाला किती वेळ द्यायचा ते. माझा गैरसमज होता की वाचक बदलला की माहिती कमी-जास्त करायची. इंजिनियरला जास्त, काकूंना कमी. तसं नाही. काकूंना कमी माहिती नको होती. त्यांना क्रम वेगळा हवा होता.

मग मी तीच गोष्ट परत लिहायला घेतली

विषय एकच. क्यूआर दाखवून 'पैसे देतो' म्हणणारा फसवणारा. पाच जागांसाठी लिहून पाहिला. प्रत्येक जागेने वेगळा धडा दिला.

इंजिनियर मित्रांसाठीचा लेख. इथे यंत्रणा आधी आली तर चालते. क्यूआरमध्ये असतो पैसे घेणाऱ्याचा पत्ता, आणि हवी तर आधीच भरलेली रक्कम. म्हणजे स्कॅन करणारा नेहमी देणारा असतो. पिनने तुमची बँक ओळख पटवते आणि तुमच्या खात्यातून पैसे वळते करते. मग प्रश्न असा की ॲपच्या स्क्रीनवर 'तुम्ही पैसे देत आहात' हे पुरेसं ठळक दिसतं का? यावर आमच्या चहाच्या टपरीवर तासभर वाद झाला. उत्तम लेख होतो यावर. फक्त तो काकूंसाठी नाही, एवढं मान्य करायचं.

पेपरसाठी ४०० शब्द. पेपर वाचणारा कुठेही थांबू शकतो, आणि जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो. म्हणून सगळ्यात गरजेचं सगळ्यात वर. माझ्या पहिल्या मसुद्यात पहिलं वाक्य होतं, 'डिजिटल व्यवहारांच्या वाढत्या युगात...' ते काढलं. नवं पहिलं वाक्य : 'पैसे देण्याच्या बहाण्याने क्यूआर पाठवून एका डबेवाल्या महिलेची १४ हजार ४०० रुपयांची फसवणूक झाली, पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही लागत नाही.' लांब आहे, पण इथेच वाचन थांबवणाराही काहीतरी घेऊन जातो.

ऑडिओ, म्हणजे आपलं माध्यम. ऐकणाऱ्याला मागे वळून बघता येत नाही. त्याचे हात पिठात असतात किंवा तो ठाणे लोकलच्या दांडीला लटकलेला असतो. म्हणून 'वर सांगितल्याप्रमाणे' ऑडिओत चालत नाही, कानाला वर-खाली कळत नाही. 'तो' आणि 'त्याने' पण जपून. फसवणारा, बँकवाला आणि पोलीस तिघेही 'तो' झाले की गोंधळ. नाव परत घ्यायचं. आकडा एका वाक्यात एकच. लिहिताना १४,४००, बोलताना 'साडेचौदा हजाराला शंभर कमी' असं नाही, सरळ 'चौदा हजार चारशे'. आणि मुख्य वाक्य तीनदा. सुरुवातीला, गोष्ट सांगून झाल्यावर, आणि शेवटी. लिखाणात जी पुनरुक्ती दोष वाटते, ती कानाला आधार असते. कीर्तनकाराला हे कायम माहीत होतं. मुख्य ओळीवर तो परत परत येतो म्हणून घरी जाताना ती ओळ तुमच्याबरोबर येते.

४५ सेकंदांचा व्हिडिओ. हा बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात. म्हणून मी बोलतोय असा चेहरा दाखवून उपयोग नाही, फोनची स्क्रीन दाखवायची. स्कॅन केलं, 'पे' हे बटण आलं, त्याच्याभोवती लाल गोल. पाटी मराठीत, मोठी. व्हिडिओत मी पाच मुद्दे कोंबले होते. भाचीने बघितला आणि म्हणाली, 'मामा, कुठला लक्षात ठेवू?' चार काढले.

व्हॉट्सॲप मेसेज. हा सगळ्यात अवघड. कारण तो माझ्या हातातून सुटला की त्याच्यावर माझं नाव राहत नाही, संदर्भ राहत नाही, आणि तो तीन वर्षांनी परत फिरून येऊ शकतो. म्हणून पोस्टकार्डाचा नियम. एकटं उभं राहील असं लिहायचं, आणि तारीख टाकायची. तारीख का? यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्याकडे पैशांची 'रिक्वेस्ट' पाठवायची सोय होती, फसवणुकीसाठी तीही वापरली जायची. ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय एनपीसीआयने बंद करायला लावली. त्याआधी लिहिलेला 'अशी रिक्वेस्ट आली तर नाकारा' हा मेसेज आज फिरला तर लोक नसलेल्या बटणाची भीती बाळगतील आणि क्यूआरकडे दुर्लक्ष करतील.

सोपं आणि चुकीचं यांच्यात एक बोट अंतर असतं

इथे माझ्यासारख्या 'विषयातल्या' माणसाची खरी परीक्षा आहे. सोपं करायच्या नादात मी दोनदा चुकलो.

पहिल्यांदा मी लिहिलं, 'पिन फक्त पैसे पाठवायला लागतो.' एका ऐकणाऱ्याने लगेच कळवलं, दादा, बॅलन्स बघायलाही लागतो. बरोबर. आता ज्याने माझं वाक्य पाळलं आणि बॅलन्स बघताना पिन मागितला गेला, त्याचा माझ्या सगळ्याच बोलण्यावरचा विश्वास उडणार. मग वाक्य उलटं केलं : 'पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.' तेवढंच छोटं, आणि पूर्ण खरं.

दुसऱ्यांदा : 'बँक कधी फोन करत नाही.' करते की! खरं वाक्य : 'बँक फोनवर पिन किंवा ओटीपी विचारत नाही.' दोन शब्द वाढले. वाढू देत.

म्हणजे नियम असा काढला. एखादी गोष्ट खूप वाक्यांत सांगता येते, त्यातली छोटी वाक्यं शोधायची, आणि त्या छोट्यांतलं जे अपवादाशिवाय खरं आहे ते निवडायचं. यालाच विषयाचं ज्ञान लागतं. सोपं लिहिणं हे कमी जाणणाऱ्याचं काम नाही.

आणि जिथे सोपं उत्तर नाही, तिथे ते असल्याचं नाटक करायचं नाही. फसवणूक झाली तर काय? लगेच १९३० ला फोन, किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, आणि बँकेला कळवायचं. जितक्या लवकर, तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जायची शक्यता जास्त. इथपर्यंत सोपं. पण 'पैसे परत मिळतील का?' रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे, तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणी व्यवहार केला आणि तुम्ही बँकेकडून कळल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पण ज्या व्यवहारात आपणच पिन टाकला, तिथे हे संरक्षण असं सरळ मिळत नाही. हे सांगायला जड जातं. काकूंना सांगताना तर फारच. पण 'काळजी करू नका, पैसे मिळतील' हा मेसेज लोक जास्त पुढे पाठवतात म्हणून तो लिहायचा नाही.

टेस्टिंग

कोड लिहिला की आम्ही टेस्ट केल्याशिवाय पुढे पाठवत नाही. लिखाण मात्र मी आयुष्यभर टेस्ट न करताच पाठवत होतो. 'कसं वाटलं?' विचारायचो. लोक म्हणायचे, 'छान.' काकूही म्हणाल्याच होत्या, 'लई हुशार बोलतोस.'

आता मी तो प्रश्न विचारत नाही. ऐकवतो, आणि म्हणतो, 'आता तुम्ही मला सांगा, असा फोन आला तर काय कराल?' त्यांनी जे परत सांगितलं तेवढाच माझा एपिसोड. बाकीचं मी माझ्यासाठी बोललो.

नवा एपिसोड ६ मिनिटांचा केला. लावण्याआधी खाली जाऊन काकूंना ऐकवला. त्या पोळ्या लाटत होत्या, लाटतच राहिल्या. मी मुद्दाम थांबायला सांगितलं नाही. संपल्यावर विचारलं, 'काय लक्षात राहिलं?'

त्या म्हणाल्या, 'येणाऱ्या पैशाला पिन नसतो.'

माझं वाक्य होतं, 'पैसे स्वीकारताना पिन टाकण्याची गरज नसते.' त्यांचं चार शब्दांत झालं, आणि जास्त चांगलं झालं. मी तिथेच फोन काढला, एपिसोडचं मुख्य वाक्य बदललं, वर येऊन परत रेकॉर्ड केलं.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्यांनी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, मुलीकडून स्केचपेनने ते लिहून घेतलं होतं. क्यूआर स्टँडच्या मागे, त्यांच्या बाजूला तोंड करून. गिऱ्हाईकाला दिसत नाही, त्यांना दिसतं. बरोबर तिथे, जिथे फोन उचलताना नजर जाते. सहावं माध्यम. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

पैशांचं म्हणाल तर तक्रार नोंदवलेली आहे. फोन आला की त्या वर हाक मारतात, मी जातो, आम्ही दोघं मिळून स्टेटस बघतो. आज रेकॉर्ड करेपर्यंत पैसे आलेले नाहीत. ४० डब्यांसाठी जास्तीचं आणलेलं पीठ त्यांनी आठवडाभरात संपवलं.

तुमच्यातही कोणी नर्स असेल, कोणी सीए करत असेल, कोणी इलेक्ट्रिशियन, कोणी वकील. तुम्हाला जे येतं ते कुणाला तरी हवं आहे. लिहा, बोला, व्हिडिओ करा. फक्त माइक चालू करण्याआधी एका माणसाचं नाव कागदावर लिहा, आणि तो माणूस त्या वेळी हाताने काय करत असेल तेही लिहा.

पुढच्या भागात वीजबिल. घणसोलीच्या एका ऐकणाऱ्याने विचारलंय की बिलातला स्थिर आकार म्हणजे काय. मसुदा तयार आहे. उद्या सकाळी आधी तळमजल्यावर जाईल, मग तुमच्याकडे.

भेटू. काळजी घ्या. आणि येणाऱ्या पैशाला पिन नसतो.